आगगाडीचा दिवा आणि वळणावरचा अंधार

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहराहून पहिली प्रवासी आगगाडी सुटली. याच तारखेस १९४८ साली हैदराबाद संस्थानातील निजामी अंमल संपला होता. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास रूळ लाभले. परळी व घाटनांदूर येथे आगगाडी फार पूर्वीपासून होती हे खरे. परंतु खुद्द बीडच्या मनुष्यास गाडी धरावयाची तर जिल्ह्याच्या कडेस किंवा परजिल्ह्यात जावे लागे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला, २३ सप्टेंबर २०२२ रोजी आष्टीपर्यंत गाडी आली आणि पुढे तीन वर्षांनी ती बीडला पोचली. तीस वर्षे वाट पाहिल्यावर लोकांनी फुले उधळली, पेढे वाटले, यात वावगे काहीच नाही. तथापि उत्सवाचा दिवस मावळल्यावर हिशेबाचा दिवस उगवतो, हे व्यापारी वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्या हिशेबातील एका कलमाकडे आज आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ते कलम दिसावयास अगदी लहान आहे. ते म्हणजे एंजिनाच्या कपाळावरील दिवा.

दिवा तो दिवा, त्यावर अग्रलेख काय लिहावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु हा दिवा कोणासाठी असतो, या साध्या प्रश्नाचे उत्तर देशोदेशी निराळे आहे, आणि त्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून आहेत. इंग्लंडात आगगाडी सुरू झाली तेव्हा तेथील कायद्याने रेल्वे कंपन्यांवर रुळांच्या दोन्ही बाजूंस कुंपण घालण्याची सक्ती केली. रुळांवर गुरे किंवा माणसे यावयाचीच नाहीत असे तेथे धरून चालत. त्यामुळे इंग्लंडातील एंजिनावर पुढे जे कंदील असत ते चालकास वाट दाखविण्यासाठी नसत. कोणत्या जातीची गाडी येत आहे हे सिग्नलवाल्यास दुरून कळावे एवढ्यासाठी ते असत. अमेरिकेची गोष्ट उलट. तेथे मोकळ्या माळरानांतून, जंगलांतून, कुंपणावाचून रूळ गेले. रुळांवर रानरेडा उभा आहे की झाड आडवे पडले आहे, हे चालकास स्वतःच पाहावे लागे. म्हणून १८३० च्या दशकात होरॅशियो ॲलन नामक अभियंत्याने एंजिनापुढे एक सपाट गाडी लावून तीवर वाळू पसरली व त्या वाळूवर देवदाराच्या गाठींचा जाळ पेटविला. त्या शेकोटीचा वंश पुढे तेलाचे दिवे, विजेचे कमानदिवे यांतून वाढत गेला. आजही अमेरिकेत रस्तागाडीच्या एंजिनाचा दिवा आठशे फुटांवरील मनुष्य दिसेल इतका प्रखर असावा असा नियम आहे. आणि १९९० च्या दशकात तेथील सरकारने मुख्य दिव्याखेरीज खाली दोन बाजूंस दोन जादा दिवे लावावयास लावले, ते अशासाठी की फाटकावर उभ्या असलेल्या मनुष्यास गाडी येत आहे हे त्या त्रिकोणावरून तत्काळ ओळखता यावे.

आपल्याकडे १८५३ साली आगगाडी आणली ती इंग्रजांनी. नियम आले ते त्यांच्या घरचे. जमीन मात्र अमेरिकेसारखी मोकळी. हजारो मैल रूळ, त्यांना लागून शेते, शेतांना लागून वस्त्या, आणि रूळ ओलांडून जाणाऱ्या पाऊलवाटा रुळांहून जुन्या. आष्टी, पाटोदा, बीड या भागात बालाघाटाच्या रांगांतून व माळांवरून हा नवा मार्ग गेला आहे. तेथे मेंढपाळ आहेत, पहाटे पाणी द्यावयास जाणारे शेतकरी आहेत. पाटोदा तालुक्यात नायगावचे मोरांचे अभयारण्य आहे. हरणे व रानडुकरे तर सर्वत्र आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडावयास बाहेर पडणारी हजारो बिऱ्हाडे रात्री-अपरात्री वाट चालतात. या लोकांच्या पिढ्या रुळांच्या शेजारी वाढलेल्या नाहीत. मुंबईच्या पोराला लोकलचा वेग अंगवळणी पडलेला असतो. किनी-कड्याच्या पोरास तो नाही. दुरून येणारी गाडी संथ दिसते आणि जवळ आली म्हणजे अंगावर कोसळते, ही गोष्ट सांगून कळत नाही, आणि अनुभवाने शिकावी अशी ती नव्हे. अशा मुलखात एंजिनाच्या दिव्यावर दुहेरी काम पडते. त्याने चालकास वाट दाखवावयाची आणि वाटेवरील मनुष्यास गाडी दाखवावयाची.

आता हा दिवा हे काम कितपत करतो ते पाहू. आपल्या रेल्वेच्या एंजिनांवर दोन झोतांचा जोडदिवा असतो व त्याचा प्रकाश सुमारे तीनशे मीटरांपर्यंत उपयोगी पडावा असे मानक आहे. समोरून दुसऱ्या रुळावर गाडी येत असेल अथवा आपली गाडी स्थानकात उभी असेल तर तो मंद करावा असा नियम आहे. आणि वाटेत दिवा बंद पडला तर ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगाने गाडी हाकू नये असाही नियम आहे. सरळ वाटेवर ही व्यवस्था पुरेशी मानली तरी चालेल. पण दिवा एंजिनाच्या अंगात पक्का बसविलेला असतो. एंजिनाचे नाक जिकडे, तिकडे दिवा. वाट वळली म्हणजे काय होते याचा हिशेब शाळेतील भूमितीने करता येतो.

रेल्वेच्या परिभाषेत ज्यास दोन अंशांचे वळण म्हणतात ते घ्या. त्याची त्रिज्या ८७५ मीटर असते. म्हणजे ते काही फार तीव्र वळण नव्हे. या वळणावर एंजिनाच्या नाकासमोर सरळ जाणारा किरण शंभर मीटरांवर रुळांपासून साडेपाच मीटरांहून अधिक बाजूस गेलेला असतो. दोनशे मीटरांवर तो सुमारे तेवीस मीटर बाहेर पडतो. तीनशे मीटरांवर, जेथे दिव्याने आपली शर्थ करावयाची, तेथे किरण आणि रूळ यांत एक्कावन्न मीटरांचे अंतर पडते. झोत जितका लांब पोचावा म्हणावा तितका तो अरुंद करावा लागतो. म्हणून नेमका दूरचा प्रकाश वळणावर रूळ सोडून कोणाच्या तरी तुरीच्या शेतावर पडतो. तूर उजळते, आणि जेथे मनुष्य उभा असेल तेथे काळोख राहतो. दिवा बंद पडला तर ताशी चाळीसचा नियम. परंतु वळणावर तोच दिवा दूरच्या रुळांपुरता बंद असल्यासारखाच असतो, त्यास मात्र काही नियम नाही. वळणावर वेगाला जी मर्यादा घालतात ती गाडी रुळांवरून उलटू नये म्हणून; चालकास दिसावे म्हणून नव्हे.

या अडचणीवर उपाय काय, हे आगगाडीवाल्यांनी जहाजवाल्यांस विचारावे. समुद्रावर शोधदिवा कधीही नाकासमोर खिळवून ठेवीत नाहीत. तो हवा तसा फिरविता यावा, वर-खाली करता यावा, झोत अरुंद किंवा रुंद करता यावा, यातच त्याचे सार्थक मानतात. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. आरंभी रात्र पडली म्हणजे जहाजांस कालव्यात थांबून राहावे लागे. मुंबईचा कापूस व विलायतेची टपाल ज्या वाटेने जात असे, त्या वाटेवर ही खोटी म्हणजे व्यापाऱ्याच्या पैशाची खोटी होती. १८८७ पासून विजेचा झोतदिवा बाळगणाऱ्या जहाजांस रात्री कालव्यातून जाण्याची मुभा मिळाली आणि प्रवासाचे कितीतरी तास वाचले. परंतु त्या दिव्याची खुबी केवळ प्रखरतेत नाही. समोरून दुसरे जहाज आले तर झोत मधोमध दुभंगता येतो. दोन्ही तीर उजळतात, मध्ये काळोखाची एक पट्टी राहते, आणि समोरच्या सुकाणूवाल्याचे डोळे दिपत नाहीत. आपल्यास दिसावे आणि दुसऱ्यास बाधा होऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच दिव्याने साधल्या.

जहाजांविषयीचा आंतरराष्ट्रीय नियमही याच धोरणाचा आहे. धोक्याच्या दिशेकडे शोधदिव्याचा झोत वळवावा, मात्र त्याने दुसऱ्या जहाजाची तारांबळ उडू नये, असे तो सांगतो. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवप्रदेशातील समुद्रांत जाणाऱ्या जहाजांसाठी जे नवे नियम अमलात आले, त्यांत तर जहाजाच्या कक्षातून दुरून फिरविता येतील असे अरुंद झोताचे दोन दिवे बाळगण्याची आज्ञा आहे. अपवाद केवळ अखंड दिवस असलेल्या प्रदेशात फिरणाऱ्या जहाजांचा. काळोखात तरंगणारा हिमखंड दिसला पाहिजे, हा त्यातील हेतू. ‘टायटॅनिक’ जहाजावर १९१२ साली शोधदिवा नव्हता, आणि तो असावयास हवा होता काय, हा प्रश्न त्या वेळच्या चौकशीत निघाला होता. एका शतकानंतर का होईना, जगाने त्याचे उत्तर निदान ध्रुवसमुद्रांपुरते दिले आहे. समुद्रावर जे आवश्यक ठरले ते बालाघाटाच्या वळणांवर अनावश्यक का ठरावे, हे आम्हांस उमजत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, जहाज सावकाश चालते व त्यावर दिवा फिरवावयास मनुष्य मोकळा असतो. एंजिनचालकाचे हात आधीच गुंतलेले असतात. आक्षेप खरा आहे. पण दिवा चालकाने हाताने फिरवावा असे आम्ही म्हणतच नाही. मोटारगाडीत हे काम यंत्राकडे सोपवून अर्धे शतक उलटले. सितरोएन या फ्रेंच कंपनीने १९६७ सालीच आपल्या गाडीचे दिवे सुकाणूच्या चाकाबरोबर वळतील असे केले होते, आणि आज बाजारातील कित्येक महागड्या मोटारींत ती सोय असते. मोटारगाडीपेक्षा आगगाडीचे काम वस्तुतः सोपे आहे. मोटार पुढल्या क्षणी कोठे वळेल हे तिच्या चालकावाचून कोणास ठाऊक नसते. आगगाडीची वाट मात्र लोखंडात कायमची आखलेली आहे. कोणत्या किलोमीटरावर किती अंशांचे वळण आहे ते रेल्वेच्या वहीत लिहिलेले असते. धुक्याच्या प्रदेशांत एंजिनचालकांस आज असे यंत्र देतात की जे उपग्रहाच्या साहाय्याने गाडी कोठे आहे हे ओळखून पुढील सिग्नल किती दूर आहे ते सांगते. ज्या यंत्रास पुढचा सिग्नल कळतो त्यास पुढचे वळणही कळविता येईल. आणि वळण कळले म्हणजे दिवा दहाएक अंश बाजूस सरकविण्यास एक लहानशी विजेची मोटर पुरे. दोन अंशांच्या वळणावर तीनशे मीटरांवरील रुळांकडे झोत नेण्यास साधारण तितकेच वळवावे लागते. एंजिनाच्या चाकांचा सांगाडा वळणात जसा फिरतो त्याला दांड्याने दिवा जोडावा, अशी युक्तीही कोणास सुचेल. पण सांगाडा फिरतो तो वळणात शिरल्यावर, आणि तेही अंशाच्या अपूर्णांकाने. दिव्याने वळणाच्या आधी वळावयास हवे. म्हणून आम्ही नकाशाच्या युक्तीस अधिक पसंती देतो.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. पक्का बसविलेला दिवा बिघडत नाही. फिरता दिवा केव्हा तरी अडकेल, आणि बाजूस अडकला तर सरळ वाटेवरही अंधार होईल. तेव्हा आमचे म्हणणे असे की आजचे दोन दिवे जसे आहेत तसेच राहू द्यावेत; फिरता दिवा तिसरा असावा. त्याची घडण अशी असावी की विजेचा पुरवठा तुटताच तो कमानीच्या जोराने आपोआप मध्यावर यावा. मग तो बिघडला तरी आजच्याहून वाईट काही होणार नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. कोट्यवधी रुपयांच्या एंजिनावर एका लहान फिरत्या दिव्याचा खर्च किती, याचा विचार ज्यांनी त्यांनी करावा. या मार्गाचा मूळ अंदाज काही शेकडा कोटींचा होता तो विलंबापायी कित्येक पटींनी वाढला; तेवढा विलंब परवडला आणि दिवा परवडत नाही, असे कोणी म्हणू नये.

येथे वाचकांपुढे एक कटू सत्य ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. दिवा सर्व काही करील असे आम्ही म्हणत नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाची गाडी तीनशे मीटरांचे अंतर अकरा सेकंदांत कापते. त्या वेगाची गाडी तेवढ्या अंतरात उभी राहत नाही. म्हणूनच थांबावयाच्या सिग्नलाची पूर्वसूचना देणारा सिग्नल निदान एक किलोमीटर अलीकडे रोवावा लागतो. भरलेली मालगाडी तर त्याहून जड. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर व करमाड यांच्या दरम्यान रुळांवर थकून झोपले आणि त्यांतील सोळाजण मालगाडीखाली चिरडले गेले, ही गोष्ट मराठवाडा विसरलेला नाही. टाळेबंदीत वाहने बंद होती; गावी नेणारी गाडी भुसावळाहून मिळेल या आशेने ते चालत होते. चालकास ते दिसले होते व त्याने गाडी थांबविण्याचा प्रयत्नही केला, असे रेल्वेने तेव्हाच सांगितले. दिसले, पण वेळ उरला नव्हता. झोपलेल्या मनुष्यास दिवा जागे करीत नाही, आणि ज्या अवस्थेने ते मजूर रुळांवर आले त्या अवस्थेवर एंजिनाचा दिवा हा उपाय नव्हे.

मग दिव्याचा आग्रह कशासाठी? तो अशासाठी की रुळांवर सापडणारे सर्वच झोपलेले नसतात. जागा मनुष्य रुळांवरून बाजूस व्हावयास दोन-तीन पावलांचा धनी असतो. त्यास थांबणारी गाडी नको, वेळेवर मिळालेला इशारा हवा. सरळ वाटेवर दिव्याचा ठिपका त्यास फार दुरून दिसतो. वळणावर मात्र झोत त्याच्याकडे फिरतो तो गाडी अगदी जवळ आल्यावर. अकरा सेकंद मिळणे व तीन सेकंद मिळणे यांत एका माणसाचा जीव मावतो. रात्री रूळ तपासत चालणारे रेल्वेचे गँगमन हे तर आपल्याच तालुक्यांतील पोरे असणार. त्यांच्यासाठी तरी ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. शिवाय दरड किंवा जनावर दहा सेकंद आधी दिसले तर गाडी उभी राहिली नाही तरी तिचा वेग मोडतो, आणि आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्म्यावर आला तर धक्का चौथाईवर येतो.

यास्तव रेल्वेकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. लखनौ येथे रेल्वेची संशोधन व मानके ठरविणारी संस्था आहे; तिने फिरत्या झोतदिव्याची परीक्षा घेण्यासाठी हा नवा मार्ग निवडावा. मार्ग नवा आहे, वाहतूक अद्याप विरळ आहे, आणि वळणे व माळ दोन्ही येथे आहेत. प्रयोगास याहून सोयीची जागा मिळणे कठीण. २०१६ साली रेल्वे मंत्रालयाने ‘त्रिनेत्र’ या नावाने एक कल्पना मांडली होती. तीत उष्णतेवरून वस्तू ओळखणारा कॅमेरा, दूरचे पाहणारा कॅमेरा व रडार यांची जोड देऊन चालकास काळोखातही पुढची वाट पडद्यावर दाखवावयाची होती. ती कल्पना थोर आहे. पण ती पडदा पाहणाऱ्या चालकाच्या उपयोगाची. रुळांवरील मेंढपाळास तो पडदा दिसत नाही. त्यास दिसतो तो दिवाच. म्हणून एकाच्या नावाने दुसऱ्यास बाजूस सारू नये. दुसरी गोष्ट, जेथे रूळ डोंगर कापून खिंडीतून वळतात तेथे फिरता दिवाही हतबल आहे, कारण प्रकाश मातीतून पलीकडे जात नाही. तेथे वळणाच्या आतल्या अंगाची झुडपे वर्षातून दोनदा तरी तोडावीत आणि शिटीच्या पाट्या नीट लावाव्यात. तिसरी गोष्ट, बीडपासून वडवणी, तेलगाव, सिरसाळा यांवरून परळीपर्यंतचा भाग जोडला गेला म्हणजे परळीच्या वीजकेंद्राच्या कोळशासह रात्रीच्या मालगाड्या या वाटेने येऊ लागण्याचा संभव आहे. दिव्याचा बंदोबस्त त्याच्या आधी व्हावा. अपघात होऊन चौकशी बसल्यावर नव्हे.

सरकारास चार शब्द सांगून मोकळे होण्याची आमची रीत नाही. आपल्या नगरवासियांसही काही सांगितले पाहिजे. रेल्वेचा दिवा सुधारा म्हणून अर्ज करणाऱ्या आपल्या गावांत आपल्या स्वतःच्या दिव्यांची काय अवस्था आहे? उसाने भरलेल्या जोडगाड्या रात्री रस्त्याने जातात, त्यांतील कितींना मागे लाल दिवा किंवा चमकती पट्टी असते? त्यावर आदळून मोटारसायकलवाले मरतात हे दर हंगामात आपण वाचतो. उलट ज्यांच्यापाशी दिवा आहे ते तो भर बाजारपेठेत समोरच्याच्या डोळ्यांत पूर्ण जोराने सोडतात, आणि मंद करावयाची कळ गाडीत आहे हे त्यांस आठवतही नाही. सुएझच्या कालव्यात सुकाणूवाला दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी आपला झोत दुभंगतो. सुभाष रोडवर आपला सुशिक्षित गृहस्थ तेवढे सौजन्य दाखवीत नाही. दिवा वळविता येणे हे यंत्राचे काम. तो केव्हा वळवावा हे शील आहे, आणि ते कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

आपल्या व्यापाऱ्यांचा या मार्गावर मोठा भरवसा आहे. कापूस, सोयाबीन, तूर, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ हे सर्व पुण्या-मुंबईस लवकर पोचावे असे त्यांस वाटते. सीताफळ तर एका रात्रीत मऊ पडणारे फळ. त्यास रात्रीचीच गाडी हवी. रात्रीची गाडी मागावयाची तर रात्रीच्या सुरक्षिततेचाही आग्रह धरावयास हवा. व्यापारी मंडळांनी वेळापत्रकाचे निवेदन देताना त्यात दिव्याचे कलम घालावे. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील रुळांवरून जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटा कोणत्या, हे लिहून रेल्वेस कळवावे व तेथे भुयारी वाट मागावी. भुयारी वाटा आहेत त्यांत पावसाचे पाणी तुंबले की लोक पुन्हा रुळांवरूनच जाणार, हे ध्यानात घेऊन पाण्याचा निचरा व एक साधा दिवा यांची व्यवस्था करावी. शाळामास्तरांनी मुलांस वेगाचे ते अकरा सेकंदांचे गणित फळ्यावर मांडून दाखवावे. एवढ्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

राहता राहिला प्रश्न हा दिवा करणार कोण. परदेशातून तो विकत आणता येईल. पण तो आपल्याकडेच का होऊ नये? अंबाजोगाईस अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात तंत्रनिकेतने आहेत. दरवर्षी शेकडो विद्यार्थी शेवटच्या वर्षास काही तरी यंत्र करून दाखवितात व निकाल लागला की ते यंत्र माळ्यावर जाते. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनी अक्षरे ओतण्याच्या यंत्रापासून अनेक शोध लावले. परंतु त्यांचे आयुष्य लंडन व न्यूयॉर्क येथे गेले आणि १९३५ साली ते तेथेच वारले. टाटांसारख्या भांडवलवाल्याने त्यांस हात दिला होता, तरी त्यांच्या बुद्धीला लागणारा कारखाना व बाजार तेव्हा येथे नव्हता. उलट लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पाहा. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांत त्यांनी लोखंडी नांगर विकला. आणि १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी जागा दिली तेव्हा कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका बाजूस कल्पक कारागीर, दुसऱ्या बाजूस विश्वास टाकणारा धनिक, आणि जवळून गेलेला रूळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे माळावर कारखाना उगवतो. बीडला रूळ आता आला आहे. कारागीर आहेत. तिसऱ्या गोष्टीविषयी आमच्या धनिक वाचकांनी आपल्या मनास विचारावे.

एका महाविद्यालयाने एक फिरता दिवा तयार करावा, जिल्ह्यातील चार पेढ्यांनी त्याचा खर्च उचलावा, आणि मग तो घेऊन रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे जावे. रिकाम्या हाताने नेलेल्या अर्जापेक्षा काम करून दाखविणारा दिवा अधिक बोलेल. तीस वर्षे आपण आगगाडी मागत होतो, तेव्हा मागण्यावाचून दुसरे काही हातात नव्हते. आता आहे. ही गाडी जिल्ह्यातील एकाही गरिबाच्या घरी दिवा मालवून पुढे जाऊ नये, यासाठी जे करावयाचे ते गाड्या रात्रीच्या धावू लागण्यापूर्वीच करावे, अशी आमची सर्व संबंधितांस आग्रहाची विनंती आहे.